शब्द – डोळा, अर्थ – डोळा

मोहाडी गाव लहान. माझ्या साखरेच्या आजारापासून माझ्या मेहुण्याशी झालेल्या भांडणापर्यंत सगळं इथल्या लोकांना पाठ आहे. ही एक गोष्ट तेवढी कुणाला ठाऊक नाही. बायकोला नाही. गुरुजींना नाही – आणि गुरुजींच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात त्यांच्या खाटेशेजारी मी सलग पाच दिवस बसून होतो, सांगायचं असतं तर वेळ भरपूर होता. नाही सांगितलं. त्यांना मोसंबी सोलून दिली आणि घरी आलो.

तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणखीही काही कारण असेल, पण ते शोधत बसलो तर पुन्हा सांगायचं राहून जाईल. मी स्वतःला चांगला ओळखतो.

बायको अजून अधूनमधून विचारते, ती शब्दांची वेबसाइट तुम्ही अशी कशी सोडून दिली हो? मी म्हणतो, डोळे दुखतात. डोळे! नेमका हाच शब्द तोंडात येतो बघा. का ते पुढे कळेल.

आधी वेबसाइटचं सांगतो. आमचा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरची ही वर्षं. तहसील कचेरीच्या समोरच्या ओळीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. टायपिंग, अर्ज, दाखल्यांचे कागद – चालू होतं बरं. मघाशी म्हटलं ते गुरुजी सानगडीचे, निवृत्त शिक्षक, त्यांना शब्द गोळा करायचं वेड. आमची झाडीबोली, धानपट्ट्यातली. तिच्यात ळ नाही, ण नाही. आम्ही डोळ्याला डोरा म्हणतो, पाण्याला पानी, शेळीला सेरी, सकाळीच्या ऐवजी सकारी. शाळेत आमच्या पिढीनं याच्यावरून हातावर छड्या खाल्ल्या आहेत. गुरुजींनी स्वतः मारल्याही होत्या, आणि निवृत्त झाल्यावर बहुधा त्याचंच त्यांना लागून राहिलं. ते गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांकडून शब्द लिहून आणू लागले. "जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, बोलीचे होऊ देऊ नका," असं प्रत्येक सभेत म्हणायचे. सभा म्हणजे त्यांच्या ओसरीवर आम्ही सात-आठ जण आणि चिवडा.

या वह्यांची वेबसाइट करू असं मी सुचवलं. मला येत होतं का? नव्हतं येत. एक पुस्तक आणलं आणि शिकलो. एकेक पान हातानं लिहिलं – ओळ न् ओळ, प्रत्येक रंग, प्रत्येक चौकट. चार वर्षं. तेव्हा मराठीचा एक जुना फॉन्ट चालायचा, छपाईवाल्यांचा. त्यातली अक्षरं आतून इंग्रजीच असायची, वरून फक्त मराठी दिसायची. ज्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट त्यालाच वाचता यायचं. पण मोहाडीत ज्याच्याकडे कॉम्प्युटर होता त्याच्याकडे तो फॉन्ट मीच टाकून दिलेला होता, तेव्हा अडचण कुणालाच जाणवली नाही.

आता खरं सांगू? त्या वेबसाइटपेक्षा मला त्या रांगेचं सुख जास्त होतं. बाजाराच्या दिवशी लोक चिठ्ठ्या घेऊन यायचे. कुणाच्या आजीनं सांगितलेला शब्द, कुणाला बांधावर आठवलेला. "सर, माझा शब्द चढला काय?" मी चष्म्यातून बघायचो आणि म्हणायचो, "मंगळवारी चढवतो." सोमवारी चढवता आला असता. त्याच क्षणी चढवता आला असता, दोन मिनिटांचं काम. पण मंगळवारी म्हणण्यात काय गोडी होती, कसं सांगू तुम्हाला? प्रत्येक पानाच्या तळाशी लाल अक्षरांत माझं नाव होतं – संकेतस्थळ निर्मिती, मधुकर, मोहाडी. त्याच्याखाली किती जणांनी पान पाहिलं त्याचा आकडा. तो आकडा वाढावा म्हणून मी स्वतःच पान पुन्हा पुन्हा उघडायचो. हसा तुम्ही. मीही हसलो असतो, दुसऱ्या कुणी केलं असतं तर.

आणि मग प्रज्ञा आली.

कोंढ्याची. तिची आई पार्बताबाई दुसऱ्यांच्या बांध्यांत, भाताच्या शेतांत, रोवणीला जायची – धानाची रोपं चिखलात लावायचं काम. जन्मभर तेच केलं आणि त्यावर मुलीला शिकवलं. छप्पन्न सालापासूनचं बौद्ध घर. शिक्षणावाचून दुसरं काही घरात बोललं जात नसे, असं प्रज्ञाच एकदा म्हणाली होती. नागपूरला शिकली, पुण्याला कंपनीत दोन वर्षं राहिली, आणि वडील वारल्यावर आई एकटी म्हणून परत येऊन पवनीच्या एका कॉलेजात लागली. गुरुजींना तिचा पत्ता कुणी दिला माहीत नाही. ती पहिल्यांदा ओसरीवर आली तेव्हा तिच्या हातात दोनशे पानी वही होती, पूर्ण भरलेली. आईनं सांगितलेले शब्द. रोवणीचे, चिखलाचे, पाठ धरण्याचे, बायका रांगेत वाकून एकमेकींना जे बोलतात त्याचे. आमच्याकडे त्यातला एक शब्द नव्हता. असणार कुठून? ओसरीवरच्या एकानंही कधी रोवणी केली नव्हती.

गुरुजी ती वही वाचत बसले आणि चिवडा तसाच राहिला. मग त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "हे पोरगी आधी काहून नाही आली गा?"

मला ते वाक्य तेव्हाच टोचलं. मी चिवड्याची ताटली माझ्याकडे ओढली आणि एकटाच खाऊ लागलो.

दुसऱ्या सभेला तिनं वेबसाइटचा विषय काढला. अगदी अदबीनं. तिचं म्हणणं असं की एक शब्द चढवायचा तर माणसाला मोहाडीला सरांकडे यावं लागतं. आणि आता लोकांच्या हातात फोन येऊन राहिले, फोनवर आपली साइट उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात, जुन्या फॉन्टमुळे. ही सगळी साइट सीएमएसवर नेली तर – म्हणजे अशी तयार व्यवस्था, की जिच्यात आपण फक्त आत शिरायचं, शब्द लिहायचा आणि बटण दाबायचं. पान ती आपणच तयार करते. कोड लिहावा लागत नाही. "मग सर, माझी आई पण शब्द टाकू शकेल. घरी बसून."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुजींना तो शब्द काही जमला नाही, ते शेवटपर्यंत "तुझं ते सीमेस" असंच म्हणत राहिले, पण आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. कुणीतरी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "छानच आहे. विचार करू."

काय विचार करणार होतो मी? तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. हे मला कळत होतं म्हणूनच तर जळत होतो. चुकीचं बोलली असती तर मी तिला मोठ्या मनानं समजावून सांगितलं असतं.

मी जळत होतो – हे आता सरळच लिहितो. गुरुजी आधी मला "आमचे कॉम्प्युटरवाले" म्हणायचे. आता प्रत्येक वाक्यात "आमची प्रज्ञा". ती बिनसाखरेचा चहा पिते हेही मला टोचायचं. ती बोलताना पेन्सिल केसात खोचते हे टोचायचं. मी चार वर्षं रोज डोळे फोडून जे उभं केलं, त्याची तिनं दहा मिनिटांत जुनी वस्तू करून टाकली होती, आणि तेही माझी स्तुती करत करत! "सरांनी हे हातानं केलं, केवढं मोठं काम आहे." ती मनापासून म्हणत होती. मला ते श्रद्धांजलीसारखं ऐकू यायचं.

आणखी एक आहे. लिहू का? लिहितो, आता थांबलो तर सगळंच खोटं होईल. आमचं घर कुणब्याचं, पिढ्यान्‌पिढ्या धानाचं. आमच्या बांध्यांत रोवणीला बायका यायच्या, लांबून दिलेलं पाणी ओंजळीनं प्यायच्या. त्या बायकांपैकी एकीची मुलगी ओसरीवर मधोमध बसून मला सांगते आहे की तुमचं काम असं नाही, असं करायला हवं. हे माझ्या जळण्यात होतं का? होतं. मी स्वतःला पुढारलेला समजायचो, सभांमधून तसं बोलायचोही. पण होतं.

काम सुरू झालं. तीन रविवार ती पवनीहून बसनं मोहाडीला आली, माझ्या क्लासात बसली. एवढ्या शिस्तीनं काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. नव्या साइटवर प्रत्येक शब्दाखाली तिनं एक रकाना ठेवला होता – "शब्द देणारे". ज्यानं शब्द सांगितला त्याचं नाव आणि गाव. हे मला चार वर्षांत सुचलं नव्हतं. मला फक्त तळाशी एक नाव सुचलं होतं.

तिनं विचारलंही, "सर, तुमचं नाव कुठं टाकू?" मी म्हणालो, "नको, माझं कशाला." आणि ती बस पकडायला गेल्यावर मी तिची सगळी पानं उघडून शोधत बसलो, तिनं तरीही टाकलं आहे का ते. अजून टाकलं नव्हतं. मी नको म्हणालो होतो, ना?

आता यादीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. प्रज्ञानं माझ्याकडून दोन याद्या घेतल्या होत्या. पहिली अक्षरांची – डावीकडे जुन्या फॉन्टचं चिन्ह, उजवीकडे त्याचं खरं मराठी अक्षर. तिचा प्रोग्राम ही यादी एकेक ओळ वाचायचा आणि साइटभर जिथं डावीकडचं सापडेल तिथं उजवीकडचं घालायचा. दुसरी यादी शब्दांची. डावीकडे बोलीतला शब्द, उजवीकडे पुस्तकातला. सेरी – शेळी. डोरा – डोळा. पानी – पाणी. ही फक्त शोधण्यासाठी होती. नागपूर-पुण्याचा कुणी शेळी असं लिहील तर त्याला आमची सेरी सापडावी म्हणून. ती यादी मी फार मन लावून केली होती. तिच्यात एक चूक नव्हती.

पहिली यादी चालवून तिनं सगळं तपासलं. एकच खोट निघाली. द्ध हे जोडाक्षर नीट येत नव्हतं. "सर, बाकी सगळं बरोबर, नेमका शुद्ध हा शब्दच अशुद्ध येतो," असं म्हणून ती हसली. मीही हसलो. खरंच हसलो, ते खोटं नव्हतं. म्हणालो, यादी दुरुस्त करून पाठवतो.

उद्घाटन ठरलं होतं सानगडीच्या शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. गुरुजींनी फर्मान काढलं होतं की पहिलं बटण पार्बताबाई दाबतील. मी हे शुक्रवारी ऐकलं. पहिल्या दिवसापासून साइट बनवणारा मी, आणि बटण दाबणार पार्बताबाई. मला कुणी विचारलंही नव्हतं.

शनिवारी दुपारी मी यादी दुरुस्त केली. द्ध नीट केला. मग दुसरी यादी उघडली, सगळी उचलली आणि पहिलीच्या खाली चिकटवली. आणि ती एक फाइल प्रज्ञाला पाठवली.

बस. एवढंच केलं. एका मिनिटाचं काम होतं, शब्द चढवण्यापेक्षा कमी.

झोपेत नव्हतो. हात घसरला नव्हता. प्रोग्राम काय करेल ते मला स्वच्छ दिसत होतं – आधी अक्षरं बदलेल, मग खाली येऊन बोलीचा एकेक शब्द पुसेल आणि त्याजागी पुस्तकातला घालेल. आणि उद्या कुणी पकडलंच तर "अरे, चुकून चिकटली वाटतं" हे वाक्यही मी मनात घोळवून ठेवलं होतं. ज्याचा हात चुकून घसरतो तो सबब आधी तयार ठेवत नाही.

तासाभरानं तिचा फोन आला. "सर, चालवली. शुद्ध आला, एकदम शुद्ध. आता परत सगळं तपासू का? आईला घेऊन पाचच्या गाडीनं निघायचं आहे, सानगडीला मावशीकडे मुक्काम आहे." मग थांबून म्हणाली, "तुम्ही पाहिलं ना सर?"

"हो," मी म्हणालो, "पाहिलं."

"मग झालं," ती म्हणाली.

रविवारी हॉल भरला होता. भिंतीवर पांढरी चादर, तिच्यावर प्रोजेक्टरचा उजेड. पंचायत समितीचे कुणी, शाळेचे मास्तर, शब्द देणारे म्हातारे-म्हाताऱ्या आपापल्या गावाहून आलेले, स्वच्छ धोतरं, धुतलेली लुगडी. पार्बताबाई निळ्या काठाच्या पांढऱ्या लुगड्यात पहिल्या रांगेत. गुरुजींनी त्यांना हाताला धरून पुढं आणलं. मी मागच्या भिंतीशी उभा होतो. अजूनही थांबवता आलं असतं. नुसतं पुढं जाऊन प्रज्ञाच्या कानात सांगायचं होतं. मी प्रोजेक्टरची वायर बघत उभा राहिलो, जशी काही ती वायर माझ्यावाचून निसटणार होती.

"बाई," गुरुजी म्हणाले, "तुमी सांगतलेला एखादा शब्द दाखवा सगऱ्याइले."

"डोरा," पार्बताबाई म्हणाल्या.

प्रज्ञानं माउसचा बाण ड या अक्षरावर नेऊन दिला, पार्बताबाईंनी बोटानं बटण दाबलं. चादरीवर आलं –

शब्द – डोळा. अर्थ – डोळा. शब्द देणारे – पार्बताबाई, कोंढा.

पहिला हसला तो मास्तरांपैकीच कुणी होता. प्रज्ञानं घाईघाईनं दुसरा शब्द काढला. शब्द – शेळी, अर्थ – शेळी. तिसरा. शब्द – पाणी, अर्थ – पाणी. मग हॉलभर हसू पसरलं. म्हाताऱ्यांना काय झालं ते कळेना, ते एकमेकांना विचारत होते, आणि ज्यांना कळलं ते सांगून आणखी हसत होते. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती – मूळ रचना, मधुकरसर, मोहाडी. तिनं टाकलं होतं माझं नाव. मी नको म्हणालो तरी. बहुधा मला त्या सकाळी बघून बरं वाटावं म्हणून सांगितलं नव्हतं.

पार्बताबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. अक्षर लावून लावून वाचायच्या. सगळे हसत असताना त्या चादरीजवळ जाऊन वाचत होत्या, डो – ळा. मग वळून मुलीला म्हणाल्या, "मी चुकीचं सांगतलं होतं का व, माय?"



हसणं संपल्यावर बोलणं सुरू झालं, ते जास्त वाईट. "शिकली पोरगी, मायची बोली सुधरवून टाकली." "पुन्याची हवा लागली." आणि माझ्याच शेजारचा एकजण, रोज क्लासवर चहा प्यायला येणारा, दबक्या आवाजात म्हणाला, "याइले बोली कायले पायजे गा? याइले सायबाची भाषा पायजे." याइले, म्हणजे या लोकांना – कोणत्या लोकांना, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी त्याला गप्प केलं नाही. मी मान हलवली का? तेवढं खरंच आठवत नाही. हलवली असेल.

गुरुजी ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "पोरी, तू तपासलं नव्हतं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. सर म्हणाले पाहिलं, एवढं तिनं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ती म्हणाली, "नाही गुरुजी. माझी चूक झाली."

का म्हणाली असेल? मी कितीदा विचार केला आहे. मला वाटतं, तिला वाटलं, सरांच्या हातून चूक झाली, आणि या वयात चारचौघांत त्यांना खाली बघायला लावू नये. माझा मान राखायला ती तसं बोलली. हे मला कळत होतं आणि मी तिला राखू दिला.

आठ दिवसांनी ती क्लासवर आली. माझी फाइल छापून आणली होती. दोन्ही याद्या एकाखाली एक, मधल्या ओळीवर पेन्सिलीची खूण. आवाज चढवला नाही. "सर, या फाइलमध्ये दोन्ही आल्या आहेत." ते तयार वाक्य – चुकून चिकटली वाटतं – तेव्हा म्हणता आलं असतं. ती मानायला तयार होती. तेच ऐकायला आली होती, मला वाटतं. मी म्हणालो, "मी पाठवली तिच्यात नव्हत्या. तुझ्याकडेच काही झालं असेल."

तिनं कागद टेबलावरून उचलला. "असेल सर," म्हणाली. कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि गेली. माझ्या पाया पडायची ती, येताना-जाताना. त्या दिवशी पडली नाही.

दुरुस्त करायला अर्धा तास लागला असता. तिच्याकडे जुनी प्रत होती, यादीचा खालचा भाग काढून पुन्हा चालवायचं, की सगळे डोरे, सगळ्या सेऱ्या जागच्या जागी. पुढच्या सभेत तिनं तसं सांगितलंही. पण कुणाचं मन लागेना. गुरुजी म्हणाले, "राहू दे पोरी. जुनंच बरं होतं." आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "घाई नको करायला." या माणसानं, ज्यानं लोकांना मंगळवारपर्यंत थांबवलं, त्यानं घाईबद्दल बोलावं!

जिंकलो. तिनं सभेला येणं सोडलं, वर्षाच्या आत नागपूरला नोकरी घेतली. माझी साइट माझ्याकडे आली, लाल अक्षरांतल्या नावासकट. दोन-तीन वर्षांत गावात ज्याच्या त्याच्या हातात फोन आला, आणि फोनवर माझी साइट म्हणजे नुसता इंग्रजी अक्षरांचा चिखल. चिठ्ठ्या घेऊन येणारे यायचे थांबले. तळाचा आकडा वाढवणारा मी एकटा उरलो. मग ज्यांच्या सर्व्हरवर ती होती त्यांनी कळवलं की हे फार जुनं झालं, नव्यावर न्या, नाहीतर बंद होईल. मी नेलं नाही. नेता येत नव्हतं असं नाही. नेलं असतं तर तिनं जे सांगितलं तेच मला करावं लागलं असतं. साइट बंद झाली. गुरुजी गेल्यावर त्यांच्या वह्या त्यांच्या मुलानं कुठल्याशा पेटीत ठेवल्या. मी चौकशी केली नाही.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मागच्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला कोंढ्याला जावं लागलं. मांडव पार्बताबाईंच्या गल्लीतच. मी तोंड चुकवत होतो, त्यांनीच ओळखलं. "सर ना? या, बसा." अंगणात बाज टाकली. खूप म्हाताऱ्या झाल्या आहेत. जाड काचेचा चष्मा.

"तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं." डोळ्याचं. ळ अगदी नीट, जिभेला वळण देऊन. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग त्या म्हणाल्या, "थांबा, पाणी आणते." पाणी.

पितळेचा पेला माझ्या हातात दिला आणि समोर खाली बसल्या. मी बाजेवर सरकून जागा केली, पण त्या खालीच बसल्या. प्रज्ञा येते का विचारलं. येते, म्हणाल्या, पण कमी. मग स्वतःहूनच बोलू लागल्या. "त्या दिवशी सानगडीले – सानगडीला – माझ्यापाई पोरीले लोकाइनं –" थांबल्या. ओठ मिटून मनातल्या मनात वाक्य पुन्हा जुळवलं, मी बघत होतो ना ते. "माझ्यामुळे पोरीला लोकांनी बोललं. मीच चुकीचं सांगितलं होतं. मशीननं ते बरोबर करून दाखवलं. तेव्हापासून मी शिकले. कोणी आलं का नीट बोलते."

माझ्या हातात पेला होता. अंगणात आम्ही दोघंच होतो. मांडवातला बँड थांबलेला होता, मी काही बोललो असतो तर त्यांना स्पष्ट ऐकू गेलं असतं.

"आता बरोबर बोलते ना मी, सर?"

"हो," मी म्हणालो, आणि पाणी प्यायलो.